कशानं गेला?

४ नोव्हेंबर १९८१

आज माझा सर्वांत मोठा प्रवेश झाला, आणि त्यात माझं तोंडच दिसत नाही.

आमच्या या पोलिश गिरणगावात, वूचच्या रंगभूमीवर, आजवर मी मावश्या केल्या, मोलकरणी केल्या, दारात उभं राहून "गाडी आली" एवढंच सांगणाऱ्या बायका केल्या. त्रेपन्नाव्या वर्षी रायमुंड ओसेत्स्कीनं मला त्याच्या 'धुरांड्याखाली' या चित्रपटात आईचं काम दिलं. गोष्ट आमच्याच शहरातली, १९०५ सालची. गिरणी कामगारांनी झारविरुद्ध बंड केलं, झारच्या कोसॅक घोडेस्वारांनी त्यांना रस्त्यात टिपलं. माझा मुलगा त्यात जातो. शवागारात झारचा अधिकारी मला सांगतो, धर्मगुरूसमोर बोल की पोरगा तापानं गेला, म्हणजे प्रेत ताब्यात मिळेल. मग तो विचारतो, "कशानं गेला?" मी म्हणते, "गोळीनं."

बस, एवढंच. एकच शब्द. त्यासाठी महिनाभर मी स्वयंपाकघरात "गोळीनं, गोळीनं" करत हिंडत होते. शेवटी माझा नवरा लुत्सेक म्हणाला, शेजाऱ्यांना वाटेल तू मला धमक्या देतेस. आणि आज ओसेत्स्कीनं कॅमेरा माझ्या मागे लावला. डोक्यावर शाल, समोर तो अधिकारी, आणि माझी पाठ. मी भडकले. तो शांतपणे म्हणाला, "गेनिया, चेहऱ्यानं सगळेच रडतात. तुझी पाठ बोलू दे."

पाठ बोलली म्हणे. दिवेवाले रडले. तरी मला वाईट वाटतंय ते वाटतंयच. तीस वर्षं तोंड रंगवलं ते काय पाठीसाठी?

१३ डिसेंबर

सकाळी फोन लावला तर मुका. टीव्हीवर गणवेश घातलेला माणूस युद्धकालीन कायदा वाचून दाखवत होता. खिडकीतून पाहिलं तर चौकात रणगाडा आणि त्याच्याशेजारी शेकोटीवर हात शेकणारे सैनिक. आमच्याच पोलंडची कोवळी पोरं. शेजारीण त्यांना विचारत होती, युद्ध कोणाशी आहे रे बाळांनो? त्यांना सांगता येईना.

थिएटरं बंद. चित्रपटाचं काम बंद. लुत्सेक मात्र कामावर गेला. म्हणाला, सरकार कुठलंही असो, लोक संडासात पाणी ओतणारच. तो पाणीपुरवठा खात्यात पंपावर असतो.

तो हेही म्हणाला की दैनंदिनी लिहिणं आता थांबव. मी नाही थांबवणार. जो कोणी ही जप्त करून वाचत बसेल त्याला नमस्कार. अक्षर असंच आहे, डोळे फोडून घ्या.

१९ डिसेंबर

सिलेशियातल्या कोळशाच्या खाणीत संपकऱ्यांवर गोळ्या झाडल्या. मेलेत. किती, ते प्रत्येक जण वेगळं सांगतो.

दुपारी मिरका आली. आमच्या थिएटरमधली, तिशीची, गुणी पोर. मीच तिला विंगेत हाताला धरून उभं राहायला शिकवलं. ती माझी नक्कल इतकी हुबेहूब करते की एकदा रंगपटात दाराआडून तिचा आवाज ऐकून लुत्सेकनं "आलो गं" म्हटलं होतं. सगळे हसले. मीही हसले, पण जरा उशिरा.

आज तिचे डोळे सुजलेले. नवरा सोडून गेला म्हणाली. सेवेरिन, तो गिरणीतला इंजिनियर, युनियनवाला. दुसरी कोणी आहे का विचारलं तर नुसती मान हलवली, हो की नाही तेही कळेना. मी पुरुषजातीला चार शिव्या दिल्या. लुत्सेक बटाटे सोलत होता, तो एक अक्षर बोलला नाही. एरवी पुरुषांची बाजू घ्यायला केवढा पुढे असतो.

२६ डिसेंबर

नाताळ झाला. रांगेत उभं राहून कार्प मासा मिळवला, बीटाचं सूप केलं, अनाहूत पाहुण्यासाठी एक रिकामं ताट रीतीप्रमाणे मांडलं. जेवण झाल्यावर लुत्सेकनं त्या रिकाम्या ताटाच्या वाटणीचा मासा बरणीत भरला. पंपावरच्या राखणदाराला देतो म्हणाला. त्या राखणदाराला तो आजवर 'बोका' म्हणत आलाय. सणाला माणसाचं मन मोठं होतं, दुसरं काय.

३० जानेवारी १९८२

लुत्सेकची भूक वाढलीय. डब्यात दुप्पट पाव नेतो आणि तरी वाळत चाललाय. जंत झाले असतील म्हटलं तर चिडला. मी विणलेले लोकरीचे मोजेही गेले. पंपावर ओले झाले म्हणतो. ओले मोजे वाळतात, नाहीसे होत नाहीत.

११ मार्च

आज त्यांनी मला बोलावलं. चित्रपट खात्याचा केंपका नावाचा माणूस होता, गुळगुळीत, गोडबोल्या. शेजारी ओसेत्स्की, मान खाली. केंपकानं मला कॉफी दिली, खरी कॉफी, हे लिहून ठेवायलाच हवं.

त्याची अडचण मला पुरती कळली आणि आतून हसू फुटलं. झारविरुद्ध कामगारांचं बंड! असा चित्रपट कामगारांचं सरकार बंद तरी कसं करणार? शाळेच्या पुस्तकात झारला शिव्या आहेत. पण खाणीतल्या गोळीबारानंतर तो एक शब्द त्यांच्या घशाखाली उतरेना. केंपका म्हणाला, तुमचं तोंड तर दिसतच नाही. फक्त आवाज पुन्हा भरायचा. "गोळीनं"च्या जागी "तापानं". आई घाबरते आणि मुलाचं प्रेत घेऊन जाते, तेही किती करुण, नाही का?

मी म्हटलं, "साहेब, ती आई घाबरली असती तर हा चित्रपट कशाला काढला असता?"

बाहेर आल्यावर ओसेत्स्कीनं मला गाठलं. चार वर्षं घातलीत मी यात, म्हणाला. बाकी सगळं ते तसंच ठेवतायत. मोर्चा, कोसॅक, लाल झेंडे. एका शब्दासाठी अख्खा चित्रपट कपाटात कुजवू का?

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून मला जास्त राग आला. मी म्हटलं, "रायमुंड, त्या एका शब्दासाठी तू माझी पाठ वापरलीस. आता जीभ मागू नकोस."

घरी येऊन विचार केला. हे मी देशासाठी केलं की माझा एकुलता एक चांगला शब्द जाऊ नये म्हणून? खरं सांगायचं तर निम्मं निम्मं. लुत्सेकला सांगितलं तर तो म्हणाला, निम्मं पुष्कळ झालं.

१७ एप्रिल

लिहू नये ते लिहिते. बाउतीच्या बाजारात कांदे घ्यायला गेले होते. हेरिंग माशांच्या पिंपांमागे लुत्सेक आणि मिरका. त्यानं तिला कापडी पिशवी दिली. ती त्याच्या दंडाला धरून काहीतरी बोलली, मग दोघं दोन दिशांना गेले.

आता सगळा हिशेब लागतो. तिचा नवरा गेला. हा वाळतोय. रात्रपाळ्या वाढल्यात. मोजे!

मी पुढे झाले नाही. कांदेही घेतले नाहीत. रंगभूमीवर मी दोनदा फसवलेली बायको केलीय, दोन्ही वेळा बशा फोडल्या. घरी आज एकही बशी उचलवेना.

२२ मे

लुत्सेक जेवत नाही. कामावरून येतो आणि खिडकीशी बसतो. दोनदा विचारलं, तर म्हणाला, पंप बिघडलाय. संपलं असेल त्यांचं. मला आनंद व्हायला हवा होता. मी त्याच्यासाठी डंपलिंग केले, तेही त्यानं तसेच ठेवले.

डबा आता एकाच माणसाचा नेतो.

२९ जून

मिरकानं आवाज भरला.

ध्वनिमुद्रणातल्या एका माणसाकडून कळलं. केंपकानं तिला स्टुडिओत नेलं आणि तिनं माझ्या आवाजात, माझ्या श्वासासकट, "तापानं" म्हटलं. एका दमात. कागदोपत्री काहीच घडलेलं नाही, आवाज बदलला असं कुठे नोंदलेलंही नाही. नामावलीत आईच्या पुढे माझंच नाव राहणार.

आधी नवरा, आता आवाज. या पोरीनं माझ्या घरातलं काय म्हणून ठेवलं नाही.

इकडे थिएटरं पुन्हा उघडली तरी आम्ही सगळे नट सरकारी टीव्ही-रेडिओवर बहिष्कार टाकून बसलोय. कोणी शिकवण्या करतं, कोणी टॅक्सी चालवतं. आणि ही! थिएटरात सगळ्यांना कळेल असं मी पाहिलं. हो, मीच सांगितलं, आणि सांगताना मजा आली.

९ ऑक्टोबर

नवीन विनोदी नाटकाचा पहिला प्रयोग. मिरका नवरी, मी मावशी.

ती रंगमंचावर आली आणि टाळ्या सुरू झाल्या. आधी मला वाटलं, स्वागत असेल. पण टाळ्या थांबेनात. हसू नाही, शिट्टी नाही, नुसत्या सपाट, एका लयीतल्या टाळ्या. ती बोलायला तोंड उघडायची की जोर वाढायचा. वॉर्सात म्हणे सरकारी नटांना लोक असंच उठवून लावतात. आमच्याकडे हे पहिल्यांदाच झालं, माझी कुजबुज शहरभर पोचली होती. मी शेजारी चहाची किटली घेऊन उभी. माझ्या मनात आलं, वाजवा, आणखी वाजवा.

मग तिचे हात दिसले. नवरीचे पांढरे हातमोजे तिनं एकमेकांत इतके घट्ट गुंतवले होते की शिवण उसवली. ती प्रेक्षकांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. "आता काय करू?" असं तिनं पहिल्या प्रयोगाला विचारलं होतं तेव्हाही तिचे डोळे असेच होते. मी नजर वळवली. ती विंगेत निघून गेली.

घरी लुत्सेक जागा होता. मी सगळं रंगवून सांगितलं, आणि शेवटी बाजार, पिशवी, मोजे, सगळंच बाहेर काढलं. तो मग इतका हसला की मला त्याला मारावंसं वाटलं. हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला.

सेवेरिन कुठे गेलेला नव्हताच. बंदी आलेल्या युनियनची पत्रकं छापायची म्हणून डिसेंबरात तो भूमिगत झाला आणि मे महिन्यापर्यंत लुत्सेकच्या जुन्या पंपघरात राहिला. कार्प त्यानं खाल्ला. मोजे त्यानं घातले. मे महिन्यात बाहेर पत्रकं पोचवताना पकडला गेला. त्याला हृदयाचा आजार आहे. तुरुंगात औषध मिळेना, तेव्हा केंपका मिरकाकडे गेला. एक शब्द बोल, आम्ही त्याला इस्पितळात हलवतो.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तू नटी आहेस, गेनिया, पण तुझ्या तोंडावर सगळं दिसतं," तो म्हणाला. "म्हणून तर ओसेत्स्कीनं तुझी पाठ घेतली."

१० ऑक्टोबर

मिरकाकडे गेले. तिनं दार उघडलं आणि बाजूला झाली, जणू मी झडती घ्यायला आलेय.

सगळी पल्लेदार वाक्यं मी ट्रॅममध्ये जुळवली होती. एकही आठवलं नाही. म्हटलं, थिएटरात ती गोष्ट मी पसरवली.

"ठाऊक आहे, गेनियाबाई."

म्हटलं, मला वाटलं तू आणि लुत्सेक...

तिनं हे मात्र ऐकलेलं नव्हतं. तिचं तोंड उघडंच राहिलं. "लुत्सेककाका? त्यांच्या अंगाला नेहमी पंपाच्या तेलाचा वास येतो." मी म्हटलं, मला आवडतो तो वास. मग आम्ही दोघी दाराच्या उंबऱ्यात बसून रडलो, आणि मध्येच हसलो.

मी विचारलं, सगळ्यांना खरं का सांगत नाहीस? लोक समजून घेतील. ती म्हणाली, मी शब्द विकलाय, बाई. स्वस्तात नाही विकला, पण विकलाय. टाळ्या माझ्याच आहेत.

मी तिच्या जागी असते तर? लुत्सेक तिथे धापा टाकत असता तर? मी "तापानं" म्हटलं असतं, "कॉलऱ्यानं" म्हटलं असतं, ते म्हणतील ते म्हटलं असतं. केंपकाच्या कचेरीत मी शूर होते कारण त्याच्याकडे माझं काही गहाण नव्हतं.

२३ डिसेंबर

सेवेरिन सुटला. कोट खांद्यावर टांगल्यासारखा दिसतो. आमच्याकडे जेवला, प्रत्येक घासाला लुत्सेककडे बघून हसला. मिरकानं त्याला आवाजाचं सांगितलेलं नाही. आम्हीही गप्प.

१९ फेब्रुवारी १९८३

'धुरांड्याखाली' लागला. पिओत्रकोव्स्का रस्त्यावर माझं नाव भिंतीवर, हातभर अक्षरांत. जावं की नाही ते ठरेना. सेवेरिननंच हट्ट धरला. पंपघरात लुत्सेकनं त्याला माझ्या पाठीची गोष्ट शंभरदा सांगितली होती, ती पाठ त्याला बघायची होती. मिरका पांढरीफटक पडली. शेवटी तिनं त्याला जिन्यात थांबवून सगळं सांगितलं. त्यानं तिच्या कोटाची वरची दोन बटणं लावली आणि म्हणाला, चल, उशीर होईल.

सिनेमागृह खचाखच. मी मनाशी ठरवलं होतं, तो प्रवेश आला की उभी राहून माझा शब्द मी म्हणणार. 

प्रवेश आला. शवागार, शाल, माझी पाठ. खरंच चांगली होती पाठ. झारच्या अधिकाऱ्यानं विचारलं, "कशानं गेला?"

"तापानं," माझी पाठ म्हणाली, मिरकाच्या गळ्यातून.

मी खुर्चीचे हात धरून उठायला लागले. पण शेजारी आधीच कोणी उभं होतं.

"गोळीनं," मिरका म्हणाली.

ओरडली नाही. पडद्यावरचा आवाज जिथून सुटला होता त्याच पट्टीत, तोच श्वास, तीच कापरी कड. क्षणभर लोकांना कळेना. पडद्यावरची आईच खोटं बोलून वळली आणि अंधारात उतरून आली असं वाटलं. मग मागून कोणा म्हाताऱ्यानं घसा खाकरून म्हटलं, "गोळीनं." बाल्कनीतून एक बाई. मग कुठून कुठून, संथपणे, प्रार्थनेत म्हणतात तसं. ऑपरेटरनं दिवे लावले. दिव्यांत सगळे आपापल्या जागी बसलेले, हात मांडीवर. मिरकाला सेवेरिननं खाली ओढलं होतं. उभी होते ती मी एकटीच.

२२ फेब्रुवारी

मिलिशियाचे पोलीस सकाळी आले. मिरकासाठी नाही, माझ्यासाठी. उभी मी दिसले होते ना.

खोलीत एक तरुण अधिकारी आणि टंकलेखक बाई. अधिकारी म्हणाला, "बाई, तुम्ही उभ्या होतात, पण ओरडलं दुसरंच कोणीतरी. तुमच्या बाजूला मिरोस्वावा झाविल्स्का, तुमची ती मिरका, बसली होती. तिचं नाव सांगा आणि घरी जा."

मी म्हटलं, ओरडले ती मीच.

तो हसला. त्यानं साक्षी वाचून दाखवल्या. सिनेमागृहाचा व्यवस्थापक, पहिल्या रांगेतला कोणी अधिकारी, दारावरची बाई. सगळ्यांनी एकच सांगितलं होतं, आवाज हुबेहूब पडद्यावरच्या आईचा होता.

"मग झालं तर," मी म्हटलं. "पडद्यावरची आई मी आहे. नामावलीत नाव आहे बघा."

 त्याला आवाजाचं ठाऊक होतं. ते त्याच्या तोंडावर दिसलं, त्याच्याकडे ओसेत्स्कीसारखा दिग्दर्शक नव्हता. मी हळूच म्हटलं, "की पडद्यावरचा आवाज माझा नाही असं आपलं म्हणणं आहे? तसं असेल तर तेही लिहून घ्या. कोणी बदलला, कधी, कोणाच्या हुकमानं. मी सही करते."

तो उठून बाहेर गेला. कोणाला तरी फोन केला असावा, भिंतीतून त्याचं "हो साहेब, नाही साहेब" ऐकू येत होतं. टंकलेखक बाईनं माझ्याकडे न बघता पाण्याचा पेला माझ्या बाजूला सरकवला.

परत आला तेव्हा त्याचे कान लाल होते. खुर्चीत न बसताच त्यानं मजकूर सांगायला सुरुवात केली. आरोपी एउगेनिया सोब्येरायस्का हिनं चालू खेळात उभं राहून शांतताभंग होईल अशा रीतीनं मोठ्यानं उद्गार काढला की...

तो थांबला. टंकलेखक बाईची बोटं कळांवर वाट बघत राहिली.

"काय लिहू, साहेब?" तिनं विचारलं.

त्याला उच्चारायचं नव्हतं. त्यानं खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हाताची घडी घालून बसले होते. मला अजिबात घाई नव्हती.

"गोळीनं," तो पुटपुटला.

"ऐकू नाही आलं, साहेब."

"गोळीनं!"

२ मार्च

दंड झाला. थिएटरनं मला हंगाम संपेपर्यंत घरी बसवलंय. मिरकाला कोणी बोलावलं नाही. तिला बोलवायचं तर आवाज कोणाचा ते ठरवावं लागेल. चित्रपट वूचमधून उतरवला. पण शेजारच्या झ्गिएशमध्ये चालू आहे आणि पाब्यानित्सेमध्येही. तिकडचे लोक त्या जागी काय म्हणतात ते लुत्सेक पंपाच्या कामानिमित्त जाऊन ऐकून आला.

ओसेत्स्कीचा निरोप आला, तोंड दाखवायला लाज वाटते म्हणतो. मी उलट निरोप धाडला, तोंड नको, पाठ घेऊन ये, कोबीचं सूप केलंय.

रविवारी चर्चच्या तळघरात आम्ही तोच शवागारातला प्रवेश करणार आहोत, मी आणि मिरका. परवानगी नाही, पडदा नाही, दिवा एकच. या वेळी मी प्रेक्षकांकडे तोंड करून उभी राहणार आहे. केंपकालाही बोलवावं म्हणते. पुढच्या रांगेत.